दोघांनी पाठीवर सॅक टाकून रेल्वेने सेविलला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेविल ही स्पेनच्या दक्षिणेकडील अँडालुसिया या स्वायत्त प्रदेशाची राजधानी. ग्वादालकिविर नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा मीटर उंचीवर वसलेले हे शहर युरोपातील सर्वांत तापणाऱ्या शहरांत मोडते. खालील उत्तरे लिहिताना गृहीत धरले आहे की जाणारे दोघे आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक आहे, खर्चाला मर्यादा आहे आणि प्रवास शक्यतो रेल्वेने करायचा आहे.

सेविलला जाण्यासाठी कोणता महिना योग्य?

निवड आपल्या हाती असेल तर मार्चचा उत्तरार्ध, मेचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबर. मार्चमध्ये रस्त्यांच्या कडेच्या कडू संत्र्यांच्या झाडांना फुले येतात आणि काही गल्ल्या अक्षरशः दरवळतात. ही संत्री दिसायला सुरेख असली तरी तोडून खाण्याच्या लायकीची नसतात. त्यांचा उपयोग मुख्यतः मार्मलेडसाठी होतो. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी भरणारी एप्रिलची जत्रा हे दोन काळ मात्र विचारपूर्वक निवडावेत, कारण तेव्हा खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि काही रस्त्यांवरून मिरवणुकीमुळे हलताही येत नाही. मिरवणूकच पाहायची असेल तर गोष्ट वेगळी.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे सरासरी कमाल तापमान ३६ अंशांच्या आसपास असते आणि उष्णतेची लाट आली की ते ४० अंशांपलीकडे जाते. सेविलच्या विमानतळावर २३ जुलै १९९५ रोजी ४६.६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. २०२२ च्या जुलैमध्ये या शहराने वादळांना नावे देतात तसे उष्णतेच्या लाटेला ‘झोई’ असे नाव दिले. जगात असे प्रथमच घडले. मुलांच्या किंवा कचेरीच्या सुट्टीमुळे अनेकांना याच महिन्यांत जावे लागते, म्हणून पुढची बरीच उत्तरे त्यांच्यासाठी आहेत.

आम्ही नागपूरचे. ४४ अंश आम्हाला नवे नाहीत. मग वेगळी काळजी कशाला?

उन्हाची जात सारखीच आहे, म्हणजे कोरडी, घाम दिसण्याआधीच सुकवणारी. मुंबईकराला ते ऊन सुरुवातीला सुसह्य वाटते आणि तेच फसवे असते, कारण अंगातून पाणी किती गेले याचा पत्ता लागत नाही. नागपूरकराला हे सांगावे लागत नाही. पण नागपूरचा माणूस मे महिन्यात दुपारी तीन वाजता दहा किलोंची सॅक घेऊन दगडी गल्ल्यांतून पायी फिरत नाही, आणि पर्यटक म्हणून गेल्यावर तोच माणूस नेमके हेच करतो.

दुसरा फरक घड्याळाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. सेविल पश्चिम रेखांश ६ अंशांवर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ते लंडनच्याही पश्चिमेला पडते. पण स्पेनचे घड्याळ बर्लिन-पॅरिसप्रमाणे चालते आणि उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे सरकवले जाते. त्यामुळे जुलैत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी बाराला नव्हे, तर अडीचच्या सुमारास. आपल्याकडे नागपुरात हीच वेळ सव्वाबाराच्या आसपास असते. नागपुरात पाच वाजले की ऊन उतरू लागते अशी आपली सवय. सेविलमध्ये पाच ते सात ही दिवसातील सर्वांत तापलेली वेळ असते. ‘चार वाजता बाहेर पडू, तोवर उन्हे कलतील’ हा आपल्या अंगवळणी पडलेला हिशेब तिथे सपशेल चुकतो. जूनअखेरीस सूर्य मावळतो तो रात्री पावणेदहाला.

मग दिवस आखायचा कसा?

दिवसाचे दोन तुकडे करावेत आणि मधला भाग सोडून द्यावा. सूर्योदय सातच्या सुमारास होतो. आठ वाजता खोलीतून निघून टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजलेला पाव व कॉफी घ्यावी, साडेनऊ-दहाच्या आत पहिल्या वास्तूच्या दारात असावे आणि एकच्या सुमारास पाहणे थांबवावे. दोन वाजता जेवण. तीन ते सात खोलीत, पडदे ओढून, वातानुकूलन चालू करून झोप, वाचन किंवा कपडे धुणे. आठनंतर पुन्हा बाहेर. नऊ-दहाला रात्रीचे जेवण आणि त्यानंतर नदीकाठ. बाराच्या पुढे चौकांत लहान मुले खेळताना दिसतात, तेव्हा हे वेळापत्रक पर्यटकांच्या सोयीसाठी नसून गावाचेच आहे हे लक्षात येते.

दुपारी बाहेर पडणे अटळच असेल तर सिएर्पेस आणि तेतुआन या जुन्या बाजाराच्या रस्त्यांनी जावे. तिथे उन्हाळ्यात एका बाजूच्या इमारतीपासून समोरच्या इमारतीपर्यंत, बऱ्याच उंचीवर, कापडी छते ताणलेली असतात आणि त्यांच्या खाली खरोखर फरक जाणवतो. सांताक्रूझ या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोघांनी सॅक घेऊन शेजारी-शेजारी चालणे कठीण. पण त्या अरुंद आहेत म्हणूनच तिथे सावली असते. प्लासा दे एस्पान्या हा भव्य अर्धवर्तुळाकार चौक मात्र दुपारी टाळावा. १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने उभारलेल्या या वास्तूत स्पेनच्या प्रांतांची रंगीत टाइल्सची बाके आहेत, आणि दुपारी त्यांवर हातही ठेववत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्यास्ताच्या तासात तिथे जावे.

औषधांच्या दुकानांवरील हिरव्या क्रॉसखाली तापमानाचे आकडे झळकतात. त्यावर ४९ दिसले म्हणून घाबरू नये. तो फलक स्वतःच उन्हात तापलेला असतो. खरा आकडा एमेट या स्पेनच्या हवामान संस्थेच्या ॲपवर पाहावा आणि तिथे नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर दुपारचा बेत बिनतक्रार रद्द करावा.

माद्रिदहून सेविलला कोणती गाडी घ्यावी?

अतिवेगवान गाडी. माद्रिद ते सेविल हे सुमारे ४७१ किलोमीटरचे अंतर ती साधारण अडीच तासांत कापते. हा स्पेनमधील पहिला अतिवेगवान मार्ग. तो एप्रिल १९९२ मध्ये, सेविलला भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या मुहूर्तावर सुरू झाला. बार्सिलोनासारखे मोठे शहर बाजूला ठेवून आधी दक्षिणेला मान मिळाला, त्यात या प्रदर्शनाचा वाटा होता.

रेल्वेची आवड असणाऱ्यांसाठी एक जादा माहिती. स्पेनचे जुने रूळ रुंद आहेत, १६६८ मिलिमीटरचे. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अवघे आठ मिलिमीटर कमी. अतिवेगवान मार्ग मात्र युरोपीय मापाचा, १४३५ मिलिमीटरचा बांधला गेला. त्यामुळे माद्रिदहून थेट कादिझ या समुद्रकाठच्या शहरी जाणाऱ्या काही गाड्या वाटेत एका विशेष यंत्रणेतून हळूहळू पुढे सरकतात आणि चाकांमधले अंतर बदलून घेतात. गाडीचा वेग अचानक रेंगाळण्याइतका का कमी झाला असे वाटले, तर कारण हेच असू शकते.

या मार्गावर आता एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या गाड्या धावतात. रेन्फे या सरकारी कंपनीची आवे आणि तिचीच स्वस्त आवृत्ती आव्लो, शिवाय इर्यो व उईगो. वेळेत फारसा फरक नाही. फरक पडतो तो तिकिटाच्या अटींत आणि सामानात. सॅकवाल्यांनी सामानाचे कलम आधी वाचावे. आव्लो आणि उईगोच्या मूळ तिकिटात विमानाच्या केबिन बॅगेएवढे सामान आणि एक छोटी पिशवी एवढेच बसते. साठ लिटरची गच्च भरलेली सॅक त्या मापात मावत नाही आणि जादा पैसे मोजावे लागतात. ते मिळवले की स्वस्त तिकीट बऱ्याचदा आवेच्या जवळपास जाते.

रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटे?

फक्त माद्रिद, वाटेतले कोर्दोबा, सेविल आणि परत एवढाच बेत असेल तर सुटी तिकिटे. युरेल पासवर रेन्फेच्या अतिवेगवान गाडीत बसायचे तरी आसनाचे आरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते. आरक्षणाशिवाय पास दाखवून चढता येत नाही. ज्यांचा प्रवास फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असा महिनाभर चालणार आहे त्यांच्या पासला अर्थ आहे. केवळ स्पेनसाठी तो बहुधा महागात पडतो, आणि ‘पासमुळे मनाला येईल तेव्हा कुठेही चढू’ ही जी त्याची मोहिनी आहे ती आरक्षणसक्तीच्या देशात उरतच नाही.

तिकीट किती आधी काढावे आणि आपले कार्ड चालते का?

तारीख पक्की झाली की लगेच. दर विमानासारखे बदलतात: आधी काढल्यास वीस-तीस युरोंत मिळणारे तिकीट आदल्या दिवशी सत्तर-ऐंशीपर्यंत जाऊ शकते. सर्वांत स्वस्त प्रकारात वेळ बदलणे महाग किंवा अशक्य असते, म्हणून विमानातून उतरल्या दिवसाचे तिकीट थोडे लवचिक प्रकारातले घ्यावे आणि पुढच्या प्रवासाची स्वस्तातली.

भारतीय कार्डाबाबत तीन गोष्टी निघण्यापूर्वी घरीच कराव्यात: बँकेच्या ॲपमध्ये परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार चालू करणे, ओटीपी येणारा क्रमांक रोमिंगवर चालू ठेवणे आणि दोघांकडे वेगवेगळ्या बँकांचे एकेक कार्ड असणे. काही संकेतस्थळांवर परदेशी कार्डे अडकतात; दुसरे कार्ड असले की बहुतेक वेळा काम होते. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच घालावे. वडिलांचे नाव मध्ये घालायचे की नाही हा आपल्याकडचा घोळ तिथे निस्तरत बसण्यापेक्षा पासपोर्ट समोर ठेवूनच अर्ज भरलेला बरा.

विमानातून उतरून त्याच दिवशी सेविलची गाडी पकडता येईल का?

येईल, पण मध्ये किमान चार तास ठेवावेत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पासपोर्टच्या रांगेचा भरवसा धरता येत नाही. माद्रिद विमानतळाच्या चौथ्या टर्मिनलवरून उपनगरी रेल्वे साधारण अर्ध्या तासात अतोचा स्थानकात पोहोचवते. दूरच्या गाडीच्या तिकिटासोबत या उपनगरी प्रवासाची सोय फुकट मिळते; रेन्फेच्या तिकिटावर त्यासाठीचा संकेतांक छापलेला असतो. तो यंत्रात टाकला की दोघांचे काही युरो वाचतात.

अतोचाच्या जुन्या लोखंडी-काचेच्या इमारतीत आता उष्णकटिबंधीय झाडांची बाग आहे. वेळ हाताशी असेल तर थांबण्यासाठी तीच जागा बरी. अतिवेगवान गाड्यांकडे जाताना विमानतळासारखी सामानाची क्ष-किरण तपासणी होते आणि गाडी सुटण्याच्या दोन मिनिटे आधी फाटक बंद होते. धावत्या गाडीत उडी मारण्याचे आपले कौशल्य तिथे उपयोगाचे नाही. अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. फलाट क्रमांक बराच उशिरा जाहीर होतो, तोवर फलकाजवळ घुटमळणाऱ्या गर्दीत आपणही उभे राहायचे.

गाडीत काय जवळ ठेवावे?

एक पातळ ओढणी किंवा शाल, कारण बाहेर ४० अंश असले तरी डब्यात थंडी वाजते. पाणी आणि खाणे बरोबर नेता येते. सॅक डब्याच्या टोकाच्या मांडणीत ठेवल्यास पासपोर्ट, पैसे आणि फोन अंगाशीच असावेत, विशेषतः कोर्दोबाला गाडी थांबते तेव्हा. कोर्दोबा सुटल्यानंतर टेकडीवर आल्मोदोवार देल रिओचा किल्ला दिसतो. गडकिल्ल्यांचे वेड असलेल्यांनी त्या पंधरा मिनिटांत झोपू नये.

सेविलच्या स्थानकावरून शहरात कसे जावे?

गाडी सांता हुस्ता स्थानकात येते. मेट्रो तिथे पोहोचत नाही. जुन्या शहराच्या कडेपर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात, जी सकाळी नऊला सुखाची आणि दुपारी चारला शिक्षेची असतात. ३२ क्रमांकाची शहर बस मध्यवर्ती भागाकडे जाते. दोघांत टॅक्सी केली तरी फार महाग पडत नाही, आणि दुपारी पोहोचत असाल तर ती उधळपट्टी समजू नये. स्थानकावर सामान ठेवण्याचे कपाटही मिळते. खोली दोन-तीन वाजल्याशिवाय ताब्यात मिळत नाही, म्हणून सकाळच्या गाडीने आलेल्यांना त्याचा उपयोग होतो.

बार्सिलोना, ग्रानादा किंवा लिस्बनहून येत असू तर?

बार्सिलोनाहून थेट अतिवेगवान गाडी साडेपाच तासांच्या आसपास घेते. ग्रानादाहून थेट गाडी अडीच-पावणेतीन तासांत येते. लिस्बनहून थेट रेल्वेच नाही. नकाशावर जवळ दिसते म्हणून अनेक जण शोधत राहतात. तिथून बसने यावे.

हॉस्टेलमधल्या दोन खाटा की स्वतंत्र खोली?

दोघे असाल तर स्वतंत्र खोली. सामायिक खोलीतल्या दोन खाटांचे पैसे एकत्र केले की ते साध्या लॉजमधल्या दुहेरी खोलीच्या भाड्याच्या बरेच जवळ जातात, आणि सेविलमध्ये दुपारचे चार तास खोलीत काढायचे आहेत हे विसरू नये. इतरांच्या ये-जा करण्यात दुपारची झोप होत नाही. एकटा प्रवासी ओळखीपाळखीसाठी हॉस्टेल निवडतो ते योग्य. जोडप्याने तिथे काटकसर करू नये. काटकसर करायची तर न्याहारीवर करावी, कारण कोपऱ्यावरच्या बारमधली न्याहारी हॉटेलातल्यापेक्षा स्वस्त आणि चांगली असते.

आरक्षण करताना वातानुकूलन ‘इमारतीत’ नव्हे, ‘खोलीत’ आहे ना, हे लिहून विचारावे. सर्वांत वरच्या मजल्याची, गच्चीखालची खोली रात्री दोनपर्यंत तापलेली राहते. खालच्या मजल्यावरची आतल्या अंगणाकडची खोली अंधारी असली तरी तीच मागावी. सांताक्रूझ देखणे पण महाग आहे. अल्फाल्फा मध्यवर्ती आणि गजबजलेले आहे. नदीपलीकडचे त्रियाना कुंभारांचे, टाइल्सवाल्यांचे आणि फ्लामेंको या नाच-गाण्याचे जुने गाव. लेखकाचे मत विचाराल तर त्रियाना: रात्री जेवून घरी परतण्यासाठी १८५२ च्या लोखंडी पुलावरून नदी ओलांडावी लागते, आणि दिवसभरात वाऱ्याची पहिली झुळूक तिथेच लागते.

लग्नाचा दाखला दाखवावा लागतो का?

नाही. दोघे विवाहित आहेत की नाहीत, आडनावे एक आहेत की वेगळी, याची तिथे कोणी विचारपूस करत नाही. मात्र प्रत्येक पाहुण्याची नोंद करणे हॉटेलांना कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून दोघांचेही मूळ पासपोर्ट द्यावे लागतात. एकाचा दाखवून भागत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण बोलावे लागेल. स्पेनमध्ये ‘मांस नको’ म्हटले की वाढप्याच्या डोळ्यांसमोर मटणाचा तुकडा येतो. हॅमचे बारीक तुकडे आणि टूना मासा त्याच्या हिशेबात त्यात धरलेले नसतात. म्हणून ‘सिन कार्ने’ एवढ्यावर न थांबता ‘सिन हामोन, सिन आतून’ (हॅम नको, टूना नको) असे म्हणावे, आणि अंडेही चालत नसेल तर ‘सिन उएव्हो’ जोडावे.

सेविलचा स्वतःचा पदार्थ म्हणजे पालक आणि काबुली चणे, ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’. त्यात लसूण, जिरे आणि तिखट नसलेली लाल मिरचीपूड असते, आणि बहुतेक जुन्या बारमध्ये तो लहान बशीत मिळतो. ‘गास्पाचो’ हे थंड टोमॅटो-काकडीचे पातळ सार उन्हाळ्यात पेल्यातून पितात. ‘साल्मोरेहो’ हा त्याचा दाट कोर्दोबी भाऊ. पण त्याच्यावर उकडलेले अंडे आणि हॅम भुरभुरवलेले असते, तेव्हा आधीच सांगावे. ‘आहोब्लांको’ हे बदाम-लसणाचे पांढरे थंड सार ज्यांनी चाखले नाही त्यांनी जरूर मागवावे. तळलेली वांगी उसाच्या काकवीसह मिळतात. बटाट्याचे जाड आमलेट सगळीकडे असते, अंडे खाणाऱ्यांची तिथे सोय झाली.

रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात, शनिवारीच फळे, पाव आणि साधे दही आणून ठेवावे. घरून मेतकूट, चटणी, भाजणी नेता येते. तूप, पेढे किंवा खव्याचे काहीही नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे आणि सीमेवर ते काढून घेतले जातात.

नळाचे पाणी पिता येते का?

हो, निर्धास्तपणे. २०२२ च्या एका कायद्याने उपाहारगृहांनी मागितल्यास नळाचे पाणी फुकट देणे बंधनकारक केले आहे. ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणावे. प्रत्येकाची स्वतंत्र बाटली असावी. दोघांत एक मोठी बाटली ठेवली की कोण किती प्यायले याचा हिशेब राहत नाही आणि ती वाहण्यावरून वाद होतो तो वेगळाच.

उन्हाचा त्रास होतो आहे हे कसे ओळखावे आणि काय करावे?

डोके दुखणे, मळमळ, चक्कर आणि लघवी गडद होणे ही सुरुवात असते. अशा वेळी लगेच सावलीत किंवा वातानुकूलित दुकानात शिरावे, कपडे सैल करावेत, मानेवर व काखेत ओले कापड ठेवावे आणि घोट-घोट पाणी द्यावे. औषधाच्या दुकानात ‘सुएरो ओराल’ मागितल्यास जलसंजीवनी मिळते. भारतातून चार-सहा पुड्या नेल्या तर आणखी बरे. बोलणे असंबद्ध होऊ लागले, शुद्ध हरपू लागली किंवा अंग तापलेले असूनही घाम थांबला, तर तो उष्माघात समजावा आणि ११२ ला फोन करावा. हा क्रमांक युरोपभर चालतो.

जोडप्यांच्या बाबतीत एक गोष्ट सतत दिसते: एकाला थकवा आलेला असतो आणि दुसऱ्याचा हिरमोड नको म्हणून तो बोलत नाही. त्यासाठी निघतानाच ठरवावे की ‘बसू या’ असे एकाने म्हटले की दुसऱ्याने कारण विचारायचे नाही.

कोणत्या वास्तूंची तिकिटे आधी काढावीत?

अल्काझार आणि कॅथेड्रल. उरलेल्या बाबतीत घाई नाही. अल्काझार हा आजही राजघराण्याच्या वापरात असलेला महाल आहे. चौदाव्या शतकात पेद्रो या ख्रिस्ती राजाने मुस्लिम कारागिरांच्या शैलीत त्याचा मुख्य भाग बांधून घेतला, आणि त्या गच्च कोरीव भिंती पाहताना राजा कोणत्या धर्माचा होता हे विसरायला होते. आधी आतली दालने पाहावीत आणि नंतर बागेत बसावे. पाण्याचे पाट आणि दाट झाडी यांमुळे अकराच्या उन्हातही ती बाग सुसह्य असते. सोमवारी शेवटच्या वेळेत जवळपास फुकट प्रवेश मिळतो, पण त्यासाठीही आधी नोंदणी लागते आणि ती चटकन भरते.

कॅथेड्रलशेजारचा हिराल्दा मनोरा मुळात बाराव्या शतकातील मशिदीचा मिनार. त्यावर चढायला मुख्यतः पायऱ्या नाहीत, तिरप्या चढणी आहेत, एकूण ३५. अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून त्या तशा बांधल्या असे सांगतात. गुडघे दुखणाऱ्यांनाही हा चढ झेपतो. मोठी सॅक घेऊन मात्र दोन्हीकडे जाऊ नये. त्यांच्या मधोमध उभे असलेले इंडीज अभिलेखागार, जिथे स्पेनच्या अमेरिकेतील साम्राज्याची कागदपत्रे आहेत, त्याला प्रवेशशुल्क नाही आणि गर्दीही नसते. या तिन्ही वास्तू १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

एका दिवसाच्या सहलीसाठी कोर्दोबा की कादिझ?

उन्हाळ्यात कादिझ. प्रादेशिक गाडी साधारण पावणेदोन तासांत अटलांटिकच्या काठी आणून सोडते, स्थानक जुन्या शहराच्या तोंडाशीच आहे आणि तिथले तापमान सेविलपेक्षा सात-आठ अंशांनी कमी असते. ला कालेता या छोट्या किनाऱ्यापर्यंत गावातून चालत जाता येते. सेविलमध्ये सलग तीन दिवस तापल्यानंतर मधला एक दिवस असा ठेवला की उरलेला प्रवास रुळावर राहतो.

कोर्दोबा अतिवेगवान गाडीने पाऊण तासावर आहे, पण ते सेविलइतकेच, कधी त्याहून जास्त तापते. तिथली मेस्कीता, म्हणजे आठव्या शतकात सुरू झालेली आणि पुढे मधोमध कॅथेड्रल बांधले गेलेली मशीद, आठशेहून अधिक खांबांच्या सावलीत उभी आहे. आत गारवा असतो. खरे तर माद्रिदहून येतानाच सकाळच्या गाडीने कोर्दोबाला उतरावे, सॅक सामानघरात ठेवावी, मेस्कीता पाहून जेवावे आणि संध्याकाळच्या गाडीने सेविल गाठावे. त्यासाठी माद्रिद-कोर्दोबा आणि कोर्दोबा-सेविल अशी दोन वेगळी तिकिटे काढावी लागतात, कारण एकाच तिकिटावर मध्ये उतरून पुन्हा चढता येत नाही.

व्हिसासाठी दोघांचा अर्ज एकत्र करता येतो का?

भेटीची वेळ एकत्र घेता येते, पण अर्ज, शुल्क, विमा आणि बँकेची कागदपत्रे प्रत्येकाची वेगळी लागतात. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा लवकर संपतात, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. एकाचे उत्पन्न नसेल तर दुसऱ्याचे खर्चाची हमी देणारे पत्र आणि नाते दाखवणारा दाखला जोडावा. लग्नाचा दाखला लागतो तो इथे, हॉटेलात नव्हे. स्पेनमधले मुक्कामाचे दिवस इतर शेंगेन देशांपेक्षा जास्त असतील तर अर्ज स्पेनकडे करायचा. रेल्वेची तिकिटे अर्जासोबत लागत नाहीत, दिवसवार आराखडा पुरतो. म्हणून परत न मिळणारी तिकिटे व्हिसा हाती येईपर्यंत काढू नयेत.

परतीची गाडी कोणत्या वेळेची घ्यावी?

खोली सकाळी अकरा-बाराला रिकामी करावी लागते, म्हणून दुपारी दोन-तीनची गाडी सर्वांत सोयीची. दुपारची कडक वेळ वातानुकूलित डब्यात जाते आणि संध्याकाळी माद्रिदमध्ये फिरायला मोकळे राहता. रात्री आठची गाडी कागदावर ‘पूर्ण दिवस मिळवून देणारी’ दिसते, पण प्रत्यक्षात ती आठ-नऊ तास बिनखोलीचे भटकायला लावते. तीच निवडायची असेल तर सॅक सांता हुस्ताच्या सामानघरात ठेवावी आणि त्या घराची बंद होण्याची वेळ किल्ली घेतानाच विचारून घ्यावी.